अमेरिकेतली ‘काऊंटी’ आमदार-खासदारांकडं मागण्या कशा नेते? जाणून घ्या

आपल्या तालुक्यातली अनेकांची पोरं-नातलग आज अमेरिकेत आहेत. फोनवर बोलताना ‘काऊंटी’ हा शब्द कानावर येतो. रस्त्यावरचा बर्फ काऊंटीनं काढला, घराचा कर काऊंटीनं वाढवला, असं ते सांगतात. ही काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि तिचं निवडून आलेलं मंडळ म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद. या मंडळालाही वर हात पसरावाच लागतो. तो कसा पसरतात, याची ही माहिती.

काऊंटी म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत ५० राज्यं आहेत आणि काऊंट्या तीन हजारांच्या वर. लुइझियाना राज्यात काऊंटीला ‘पॅरिश’ म्हणतात, तर अलास्कात ‘बरो’. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या दोन राज्यांत काऊंटीचा कारभारच नाही. आकारातही मोठी तफावत आहे. २०२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काऊंटीची लोकसंख्या एक कोटीच्या वर भरली, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काऊंटीत फक्त ६४ माणसं निघाली. आपल्याकडच्या एखाद्या वस्तीवर याहून जास्त लोक राहतात.

रस्ते, पूल, तुरुंग, कोर्टाची इमारत, सार्वजनिक आरोग्य, जमिनीच्या नोंदी, मतदानाची व्यवस्था ही कामं बहुतेक ठिकाणी काऊंटीकडं असतात. देशातले सुमारे ४४ टक्के सार्वजनिक रस्ते आणि जवळपास ३८ टक्के पूल काऊंट्यांच्या ताब्यात आहेत. उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे घर-जमिनीवरचा कर.

मग वर का जावं लागतं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत काऊंटीचा उल्लेखच नाही. काऊंटी राज्याच्या कायद्यानं जन्मते आणि राज्य देईल तेवढाच अधिकार तिला मिळतो. आयोवा राज्यातले न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये हे तत्त्व मांडलं. पुढं काही राज्यांनी काऊंट्यांना जास्त मोकळीक दिली, पण कर किती लावायचा, कोणती सेवा द्यायचीच, हे अजूनही बरंचसं राज्याचं विधिमंडळ ठरवतं.

आपली जिल्हा परिषदही राज्याच्याच १९६१ च्या कायद्यानं उभी राहिली. फरक एवढा, की १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं आपल्याकडं पंचायत राजला घटनेत जागा मिळाली. काऊंटीला तेवढाही आधार नाही.

त्यात काऊंट्यांची जुनी तक्रार अशी, की वरून कायदा येतो पण पैसा येत नाही. हे थांबावं म्हणून संसदेनं १९९५ मध्ये एक कायदाही केला. तक्रार मात्र पूर्ण मिटलेली नाही.

मागण्यांची यादी कशी होते?

बऱ्याच काऊंट्यांत अधिवेशनाच्या काही महिने आधी तयारी सुरू होते. प्रत्येक खात्याकडून अडचणी मागवल्या जातात. मंडळाच्या उघड बैठकीत यादीवर चर्चा होते, तिथं साध्या नागरिकालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं. मग यादी ठरावानं मंजूर होते.

यादीत राज्याकडच्या आणि केंद्राकडच्या मागण्या वेगळ्या लिहितात. राज्याच्या हातातलं काम खासदाराला सांगून उपयोग नाही, हे तिथंही तेवढंच खरं. मागणी कुठल्या कायद्यातल्या बदलाची आहे की नुसत्या निधीची, तेही स्पष्ट करतात.

वेळ चुकली तर काम पुढं ढकललं जातं. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम सालाच्या जानेवारीत सुरू होतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. तेव्हा राहिलं, की विशेष अधिवेशन बोलावल्याशिवाय पुढच्या खेपेपर्यंत वाट बघायची.

एकट्यानं नाही, मिळून

६४ लोकांच्या काऊंटीचं वॉशिंग्टनमध्ये कोण ऐकणार? म्हणून काऊंट्यांच्या राज्यवार संघटना आहेत. देशपातळीवर ‘नॅशनल असोसिएशन ऑफ काऊंटीज’ ही संघटना १९३५ पासून काम करते. सदस्य काऊंट्या मतदानानं सामाईक मागण्या ठरवतात. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वॉशिंग्टनला परिषद भरते. त्या वेळी काऊंट्यांचे निवडून आलेले लोक आपापल्या खासदारांच्या कार्यालयात जाऊन भेटतात. मोठ्या काऊंट्या तर पाठपुराव्यासाठी पगारी माणसंही ठेवतात.

जमीन सरकारची, खर्च काऊंटीचा

नेवाडा राज्यात सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. तिच्यावर काऊंटीला कर लावता येत नाही. पण त्या भागातला रस्ता दुरुस्त करायचा, हरवलेला माणूस शोधायचा, ते काऊंटीलाच करावं लागतं. यावर १९७६ मध्ये कायदा झाला आणि कराच्या बदल्यात केंद्रानं काऊंट्यांना रक्कम द्यायची असं ठरलं. पण ती बहुतेक वर्षी संसदेच्या मंजुरीवर अवलंबून असते. २००८ च्या आधी तर कित्येक वर्षं ती पूर्ण मिळालीच नाही. म्हणून ही मागणी यादीतून कधी जात नाही.

जंगलाच्या काऊंट्यांचंही तसंच. १९०८ पासून राष्ट्रीय जंगलाच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा शाळा आणि रस्त्यांसाठी मिळायचा. १९९० च्या दशकात लाकूडतोड घटली आणि हा पैसा आटला. २००० साली भरपाईचा कायदा आला, तोही ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा दारात. मध्ये खंड पडला, की शाळांचं अंदाजपत्रक कोलमडतं.

तुरुंगातला आजारी माणूस

१९६५ पासून गरिबांसाठी ‘मेडिकेड’ ही सरकारी आरोग्य योजना आहे. पण माणूस काऊंटीच्या तुरुंगात गेला, की साधारणपणे तिचा पैसा थांबतो. खटला सुरू आहे, गुन्हा शाबित झालेला नाही, तरीही. औषधपाण्याचा खर्च मग स्थानिक करदात्यावर पडतो. हा नियम बदलावा, ही काऊंट्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे.

मागून मिळतं का?

कधी कधी मिळतं. कोरोनानंतर मार्च २०२१ च्या कायद्यात काऊंट्यांना थेट ६,५१० कोटी डॉलर मिळाले. पैसा राज्यामार्फत न येता थेट यावा, यासाठी काऊंट्यांनी एकत्र जोर लावला होता.

आपल्याकडं ग्रामसभा आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, केंद्राच्या योजनांवर लक्ष ठेवायला खासदारांच्या अध्यक्षतेखालची दिशा समितीही आहे. ग्रामसभेत ठराव होतो, फाईल जाते आणि कित्येकदा तिथंच थांबते. काऊंटीकडून घेण्यासारखं एवढंच: मागण्या चारच असाव्यात, पण आकड्यांसह. त्या अधिवेशनाआधी पोचाव्यात आणि शेजारच्या दहा गावांच्या सह्या सोबत असाव्यात. काम झालं नाही, तर पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन पुन्हा जायचं.