खोपीतली सायकल आणि चोरीचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरची सायकल चोरीला गेली. शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडकडे जो रस्ता जातो, त्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव. सायकल परसातल्या खोपीत होती. फावडी, इरलं, खताची रिकामी पोती यांच्या सोबतीला. खोपीला दार होतं, दाराला कडी होती, कडीला कुलूपही होतं. चोराने कुलपाला हातसुद्धा लावला नाही. मागचा कूड उचकटला आणि सायकल काढून नेली. चुलत बहीण एसटीच्या थांब्यापर्यंत त्याच सायकलने जायची. तिची सकाळची गाडी चुकायला लागली.

आजी एवढंच म्हणाली, "कुलूप कशाला घातलंस बाबा? पडवीत ठेवली असतीस तर काका झोपलेला होता ना तिथं."

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, आराखडा लिहिताय. "विषय सापडत नाही" हे मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. म्हणून आज या सायकलीवरच लिहितो. आजीच्या वाक्यात एक चांगला संशोधनप्रश्न दडलेला आहे: आपल्या भागात वस्तू राखत कोण होतं? कुलूप की माणूस?

पहिलं साधन: घर

इतिहासाचं साधन म्हटलं की आपण थेट अभिलेखागारात धावतो. आधी भिंत बघा. शहापूर-मुरबाडकडची जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या पट्ट्यांनी बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या. पाऊस-वारा अडवायला ही भिंत उत्तम, चोर अडवायला जवळजवळ निरुपयोगी. कोयता घेऊन आलेल्या माणसाला दाराची गरजच नाही.

मग मौल्यवान वस्तू कुठे असायच्या? भात कणगीत, घराच्या आत. गुरं घराला लागून. पडवीत रात्री माणूस झोपलेला. म्हणजे घराची रचनाच 'वस्तूजवळ माणूस' या तत्त्वावर होती. दाराला आतून अडसर घालायची सोय जुनी आहे, आणि अडसर घालायला आत माणूस लागतोच. बाहेरून लावायचं कुलूप वेगळी गोष्ट सांगतं: घरात कुणी नाही, तरी वस्तू सुरक्षित राहावी. गोदरेजने मुंबईत १८९७ साली कुलपांपासूनच धंद्याला सुरुवात केली, ती शहरात. कुलूप गावात पोचलं, तरी कूड बराच काळ कूडच राहिला. आमच्या खोपीत नेमकं हेच घडलं. कुलूप नव्या काळातलं, भिंत जुन्या काळातली.

दुसरं साधन: माग

"पूर्वी गावात कुलपं लागत नव्हती, लोकच प्रामाणिक होते," असं वाक्य मुलाखतीत हमखास ऐकायला मिळतं. ते लिहून घ्या, पण तिथे थांबू नका.

पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली अहवाल दिला. त्यात गावच्या राखणदाराचं काम आलं आहे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावच्या राखणदाराकडे जायची. माग जिथे संपेल त्या गावाने उत्तर द्यायचं. म्हणजे चोरी ही एका घराची बाब नव्हती, शिवेची होती.

आता पुढचा प्रश्न विचारा: रात्रभर जागायचं कुणी? अनेक गावांत हे काम महारकीच्या वतनाला जोडलेलं होतं. गाव निवांत झोपायचं, कारण एका जातीवर जागण्याची सक्ती होती, आणि मोबदला तुटपुंजा. या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा 'कुलपं लागत नव्हती' या वाक्याचा हिशेब कुणी चुकता केला, तेही आपल्याला लिहायचं आहे.

शिवाय मागाची पद्धत मातीवर चालते. वासिंदला रेल्वे १८५५ साली आली, कसाऱ्याला १८६१ साली. मुरबाडला आजही रेल्वे नाही, पण कल्याणकडे जाणारा डांबरी रस्ता आहे. रुळांवर आणि डांबरावर पाऊल उमटत नाही. त्यात सायकल ही अशी वस्तू, की चोर तिच्यावरच बसून शीव ओलांडतो.

तिसरं साधन: कायद्याची भाषा

भारतीय दंड संहिता १८६० ची. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण दीडशेहून जास्त वर्षांची प्रकरणं जुन्या कलमांवरच आहेत, म्हणून ती माहीत हवीत.

आमची सायकल उघड्या अंगणातून गेली असती, तर कलम ३७९: जास्तीत जास्त ३ वर्षं. राहत्या घरातून किंवा वस्तू राखायच्या इमारतीतून गेली, तर कलम ३८०: ७ वर्षांपर्यंत. चोरीसाठी रात्री घरफोडी केली, तर कलम ४५७: १४ वर्षांपर्यंत. सायकल तीच, फरक जागेचा आणि वेळेचा.

कलम ४४५ तर मला फार आवडतं. घरफोडी म्हणजे काय हे सांगताना त्यात भिंतीला भोक पाडून हात आत घालण्याचं उदाहरण दिलंय. पुढे स्पष्टीकरण आहे: घरासोबत वापरात असलेली बाहेरची खोली घराचाच भाग धरायची, पण घर आणि ती खोली यांच्यामध्ये आतून थेट ये-जा असेल तरच. आता आपल्या घराकडे बघा. पडवीतून ओटीवर दार असतं. परसातली खोपी सुटी असते. आजीने जो फरक एका वाक्यात सांगितला, त्याच्या जवळपास जाणारी रेघ कायद्यानेही ओढली आहे. कारवीची सुटी खोपी 'इमारत' ठरते का, यावर एक अख्खा शोधनिबंध होऊ शकतो.

आणखी एक साधन सांगून ठेवतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला सायकलींवर कर बसवायचा अधिकार दिला होता. ज्या पंचायतींनी तो बसवला, तिथल्या कराच्या वह्या म्हणजे गावातल्या सायकलींची यादीच.

चौथं साधन, आणि सगळ्यात धोक्याचं: संशय

आम्ही तक्रार लिहायला बसलो. "कुणावर संशय?" हा प्रश्न आला. शेजारचे दोघं-तिघं एकदम म्हणाले, "वाडीवरच्या पोरांचं काम असणार." वाडी म्हणजे कातकरीवाडी. पुरावा काय? काहीच नाही. त्या पोरांपैकी एक जण माझ्या बहिणीच्या वर्गात होता.

ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ साली निघालं. अशा वासाहतिक लिखाणात कातकऱ्यांना चोरटे ठरवणारा सूर वारंवार भेटतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरून गुन्हेगार ठरवायची पद्धतच पक्की केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आज कातकरी समाज सरकारदरबारी विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतो, पण शेजाऱ्याच्या तोंडी १८८२ चंच वाक्य आहे. संशय किती लांब जातो हेही आपण पाहिलंय. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, जुन्या ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघरमध्ये असलेल्या गडचिंचले इथे, चोर फिरताहेत अशा अफवांच्या दिवसांत जमावाने तिघांचा जीव घेतला.

म्हणून एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: पोलिसांचे कागद चोरी कुणी केली हे सांगतातच असं नाही, संशय कुणावर घेतला गेला हे मात्र नक्की सांगतात. 'अमुक जमातीवर गुन्हे जास्त' असा तक्ता तुमच्या प्रबंधात आला, तर तो चोरांचा तक्ता आहे की संशयाचा, हे आधी ठरवा. नाहीतर गॅझेटियरचंच वाक्य तुम्ही पदवीचा शिक्का मारून पुढे पाठवाल.

तक्रारीत काकांनी शेवटी 'अज्ञात इसम' असं लिहिलं. माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबले होते, एवढं खरं. पन्नास वर्षांनी कुणी संशोधक तो कागद उघडेल, तेव्हा त्याला ते दोनच शब्द दिसतील. ओट्यावर आधी झालेली चर्चा दिसणार नाही.

सायकल काही मिळाली नाही. जुनी एक सायकल विकत घेतलीय. तिचा फ्रेमवरचा नंबर बहिणीने वहीत उतरवून ठेवलाय आणि रात्री ती पडवीतल्या खांबाला साखळीने बांधलेली असते. काका शेजारीच झोपतात.

आता तुमचा अभ्यास. तुमच्या गावातली चोरीला गेलेली एक वस्तू निवडा. ती कुठे ठेवली होती, राखायची जबाबदारी कुणाची होती, आणि पहिलं नाव कुणाचं घेतलं गेलं, या तीन प्रश्नांवर एक-एक पान लिहा. जुने कागद बघताना एक लक्षात असू द्या: १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या 'ठाणे जिल्ह्या'त आजचं पालघरही आहे. तिसरं पान लिहायला सगळ्यात जड जाईल. आराखड्याची सुरुवात तिथूनच करा.