दंडावरचा वण आणि सहा कुप्या

डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली बोट फिरवून बघा. छोटासा वण लागतोय? तो बीसीजीचा. जन्मल्याबरोबर टोचलेली टीबीची लस. आजचा एपिसोड त्याच लशीचा आहे, पण टीबीचा नाही. लघवीच्या पिशवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरचा आहे.

विषय मी हौसेने निवडलेला नाही. आम्ही लोधिवलीचे, खालापूर तालुका, जुना मुंबई-पुणे हायवे. मागच्या आठवड्यात बाबांना लघवीतून रक्त गेलं. दुखलं काहीच नाही. सोनोग्राफीत गाठीसारखं काहीतरी दिसलं. दुर्बिणीतून बघून तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण शक्यता आहे, असं डॉक्टर म्हणाले. तारीख मिळाली दहा दिवसांनंतरची. त्या दहा दिवसांत मी जे वाचत बसलो, ते तुम्हाला सांगतो.

आधी ती दुर्बीण. जर्मनीतल्या मॅक्सिमिलियन नित्झेने 1877 मध्ये ती पहिल्यांदा दाखवली. तोवर डॉक्टर बाहेरून आरशाने उजेड पाडून आत काही दिसतंय का बघायचे. नित्झेने दिवाच आत नेला. विजेने तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार, आणि पेशंट भाजू नये म्हणून तिच्याभोवती खेळतं पाणी! आता कॅमेरा असतो, भूलही मिळते, पण कल्पना तीच.

1895 मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनच्या लक्षात आलं की रंगाच्या एकाच कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतोय. त्याचा संशय अ‍ॅनिलिनवर होता. खरे गुन्हेगार, बेंझिडिनसारखी रसायनं, पुढे सापडली. हे ऐकून आमच्याकडच्या कुणालाही शेजारची रसायनी आठवेल. पण बाबा कारखान्यात एक दिवसही कामाला नव्हते. ते टेम्पो चालवायचे आणि बिडी ओढायचे. या कॅन्सरचं आज सगळ्यात मोठं कारण तंबाखूच आहे. धुरातली विषं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळतात आणि मग ती पिशवीत तासन्‌तास साठून राहतात.

आता बीसीजी. बहुतेकांची गाठ पिशवीच्या अस्तरापुरतीच असते. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. खोड अशी, की ती परत परत येते. 1976 मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी खरवडल्यानंतर टीबीची लस नळीने थेट पिशवीत सोडली. शरीराची फौज खवळते आणि त्या धांदलीत कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. आठवड्याला एक, असे सहा डोस. सहाच का? लशीच्या पाकिटात सहा कुप्या यायच्या म्हणून! जगभर आजही सुरुवातीचा कोर्स सहा आठवड्यांचाच आहे. आणि ही पिशवीत सोडायची बीसीजी आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते.

हे सगळं मी बाबांना रंगवून सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यांच्या डोक्यात एकच शब्द अडकला होता, पिशवी. आपल्या मराठीत घोटाळा असा की मूत्राशयही पिशवी आणि ते काढून टाकल्यावर पोटाला लावतात तीही पिशवी. आजार खोल गेला असेल तरच ती वेळ येते, हे मी चार वेळा सांगून झालं होतं. मग मावशीच्या ओळखीतले रोह्याचे एक काका घरी आले. चार वर्षांपूर्वी त्यांना हेच झालेलं. बीसीजी घेऊन झाली, अजून तपासणीला जातात. मला त्यांनी चहाच्या निमित्ताने आत पाठवलं. तासाभराने बाहेर आलो तर बाबा हसत होते.

पेशंटने पेशंटला सांगायची ही रीतही काही फार जुनी नाही. 1950 मध्ये अमेरिकेतल्या युजीन ब्रिकर यांनी आतड्याचा तुकडा वापरून लघवीला पोटावरून वाट काढायची पद्धत मांडली. शस्त्रक्रिया जमली, पण पिशवी लावून लग्नाच्या पंगतीत कसं बसायचं हे कोण सांगणार? आतड्याच्या आजारामुळे पिशवी लागलेल्यांचाही प्रश्न तोच. त्यातल्या काहींनी 1951 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये आपला क्लब काढला. नाव ‘क्यूटी’, कारण ते क्यू आणि टी या वॉर्डांमधले पेशंट.

आपल्याकडे परळला टाटा हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं. स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी मुंबईत ‘व्ही केअर’ सुरू केलं 1994 मध्ये. मधली त्रेपन्न वर्षं किती रोह्याचे काका नुसते रांगेत शेजारी भेटले असतील, त्याची नोंद कुठे असणार!

दुर्बिणीची तारीख उद्याची आहे. काल रात्री बाबांनी स्वतःहून काकांना फोन लावला. बीसीजी लागलीच तर ती दोन तास आत धरून ठेवावी लागते आणि मधूनमधून कूस बदलावी लागते. त्या दोन तासांत लघवी अडवायची कशी, यावर दोघांची अर्धा तास चर्चा चालली होती, स्पीकरवर.