फोनवरची ऑर्डर

'फॉलोअर' म्हटलं की आपल्याला आधी आकडा आठवतो. किती के, किती मिलियन. हॉस्पिटलात फॉलोअर म्हणजे रात्रपाळीची सिस्टर. तिने कुणाचं, कुठवर ऐकायचं आणि कुठे थांबायचं, या कौशल्याला फॉलोअरशिप म्हणतात. मराठीत 'अनुयायीपण' म्हणता येईल, पण तो शब्द ऐकला की पालखीमागून चालणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. म्हणून इंग्रजीच राहू दे.

नर्सिंगच्या शिक्षणात यातला 'ऐकायचं' हा भाग फार लवकर आला. फ्लोरेन्स नाइटिंगेलने 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात परिचारिकांची शाळा काढली. बाई स्वतः क्रिमियाच्या युद्धात लष्करी अधिकाऱ्यांशी भांडलेल्या. पण पुढे हॉस्पिटलांनी त्यांच्याकडून उचलली ती शिस्त: युनिफॉर्म, वरिष्ठतेची उतरंड, डॉक्टर आले की उभं राहणं. भांडण्याचा भाग अभ्यासक्रमात आला नाही.

पुण्यात 1909 मध्ये सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष. सेवासदनने स्त्रियांना, त्यात विधवाही आल्या, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, हे त्या काळी घराण्याचं नाक कापणं होतं. म्हणजे वॉर्डात पाऊल टाकण्यासाठीच या मुलींना कुणाचं तरी न ऐकण्याची हिंमत करावी लागली. आणि आत गेल्यावर धडा मिळाला तो सांगितलेलं निमूट करण्याचा. मला ही गंमत नेहमी बोचते.

निमूट करण्याची किंमत मोजून दाखवली ती अमेरिकेत, 1966 साली. चार्ल्स हॉफलिंग या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वॉर्डांत फोन केले. न पाहिलेला 'डॉक्टर' सिस्टरला सांगायचा, अमुक पेशंटला 'ॲस्ट्रोटेन' 20 मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. डबीवर छापलं होतं, दिवसाची कमाल मात्रा 10. फोनवरच्या ऑर्डरवर औषध द्यायचं नाही हा नियम होता. औषध वॉर्डाच्या मंजूर यादीतही नव्हतं. तरी 22 पैकी 21 जणी गोळ्या घेऊन पेशंटकडे निघाल्या. त्यांना वाटेतच थांबवलं. गोळ्या अर्थात निरुपद्रवी होत्या. दुसऱ्या 12 परिचारिकांना नुसतं विचारलं होतं, तुम्ही काय कराल? दहा जणी म्हणाल्या, देणार नाही.

या 21 जणींना मूर्ख ठरवणं सोपं आहे. 1977 मध्ये रँक आणि जेकबसन यांनी प्रयोग बदलून केला. औषध ओळखीचं, व्हॅलियम. डॉक्टरचं नावही माहितीतलं. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या सहकाऱ्याला विचारायची मुभा. मात्रा मात्र जास्तच. या वेळी 18 पैकी दोघीच द्यायला तयार झाल्या. मधल्या अकरा वर्षांत काळही बदलला होता, हे धरलं तरी फरक प्रचंड आहे. 'नाही' म्हणायला धैर्य लागतं असं आपण समजतो. इथे लागली ती औषधाची माहिती आणि विचारायला कुणीतरी.

प्रयोग सोडून आपल्याकडचं उदाहरण हवं तर ते मुंबईच्या केईएममध्ये आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. ती 18 मे 2015 ला गेली. मधली 42 वर्षं त्याच हॉस्पिटलात अंथरुणावर. भरवणं, कूस बदलणं, पुसून घेणं, पाळीमागून पाळी. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने केली. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा याच परिचारिका आडव्या आल्या आणि बेत बारगळला. पिंकी विराणींनी तिला कृत्रिमपणे जगवू नये म्हणून याचिका केली. 7 मार्च 2011 ला न्यायालयाने ती फेटाळली आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्यांची भूमिका बरोबर की चूक, यावर अजून वाद घालता येईल. पण हे काम कुणा एका नेत्याचं नव्हतं. ज्यांनी अरुणाला कधी चालताना पाहिलं नाही अशा मुलींनी ते आधीच्या सिस्टरकडून घेतलं आणि पुढच्या सिस्टरकडे दिलं.

आता आपल्या भागात येऊ. पिंपळे गुरवच्या शेजारी सांगवी फाट्यावर औंध जिल्हा रुग्णालय, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. एवढ्या मोठ्या ठिकाणी रात्रीही शेजारच्या वॉर्डात कुणी सिस्टर असते. तोंडी ऑर्डर लिहून घ्यायची, डॉक्टरला परत वाचून दाखवायची, शंका असेल तर जवळच्या सिस्टरला विचारायची, ही सवय तिथे लावता येते. कारखान्यातल्यांना हे सांगायला नको: गडबड दिसली की लाइनवरच्या कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची, ही टोयोटाची पद्धत तिकडे शिकवतात.

पण गल्लीतल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता डॉक्टर घरी असतात आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. मजल्यावर नुकती पास झालेली एकच मुलगी असते. मात्रा जास्त वाटली तर ती विचारणार कुणाला? ज्यांनी ऑर्डर दिली त्यांनाच, झोपेतून उठवून.