कागदावर न उतरलेले नाटक

इसवी सन १८४३ हे वर्ष मराठी रंगभूमीच्या प्रत्येक अभ्यासकाला पाठ असते. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीच्या दरबारी, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. तो दिवस आपण अजून रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्याच वर्षी लंडनमध्ये पार्लमेंटने थिएटर्स ॲक्ट संमत केला. लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडे संहिता आधी पाठवून मंजूर करून घेतल्याशिवाय नाटक करता येणार नाही, ही शतकभर आधीपासून चालत आलेली रीत त्या कायद्याने पुन्हा पक्की केली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मला वाटते. लंडनमध्ये कागदावाचून नाटक करणे गुन्हा ठरत असताना सांगलीत जे नाटक जन्माला आले, त्यात पात्रांच्या तोंडची भाषणे कागदावर नव्हतीच.

भाव्यांच्या नाटकाची रचना वाचकांना ढोबळमानाने ठाऊक असेल. सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांज-मृदंगासह आरंभापासून शेवटपर्यंत रंगभूमीवर उभे असत. विदूषक येई, सूत्रधाराशी त्याची थट्टामस्करी होई, गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येई आणि मग आख्यान लागे. कथाभाग सूत्रधार पदांतून गाई. पद संपले की संबंधित पात्राने त्याचा आशय आपल्या शब्दांत, गद्यात बोलायचा. हे बोलणे नटाचे. ज्याची जशी वाणी, जशी बहुश्रुतता, जसा त्या रात्रीचा प्रेक्षक, तसे ते लांबे किंवा आखडे. राक्षसपार्टीचे आरडाओरडे आणि तलवारींची खणाखणी यांवरून पुढच्या पिढीने या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. त्या हिणवण्यात एक गोष्ट मात्र निसटली. दर रात्री नवे बोलायला नटाला जी तयारी लागे, तिचा विचार कोणी केला नाही.

१८८५ मध्ये भाव्यांनी आपला ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला. हे पुस्तक हाती घेणाऱ्याला पहिली अडचण जाणवते ती अशी, की याला नाटक म्हणून वाचता येत नाही. पदामागून पद येते. एका पदात राम धनुष्याकडे निघतो, पुढच्या पदात प्रसंग पुढे सरकलेला असतो. मधे काय बोलले गेले? कोण हसले? रावण झालेल्या नटाने धनुष्य उचलताना काय बढाई मारली? पुस्तक गप्प आहे, आणि त्यात भाव्यांचा हलगर्जीपणा नाही. त्यांनी जेवढे रचले तेवढे छापले. उरलेले अर्धे नाटक नटांचे होते आणि ते त्या त्या रात्रीबरोबर संपले.

हीच घडण तमाशाची आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात गाणी बांधलेली असतात, ती शाहिराची. वगाचे कथानक सगळ्यांना माहीत असते. पण राजा प्रधानाला काय म्हणेल आणि सोंगाड्या त्यात कुठे नाक खुपसेल, ते उभ्याउभ्या ठरते. बतावणी तर जवळजवळ पूर्णपणे हजरजबाबीपणावर चालते. सोंगाड्या शब्दाचा भलताच अर्थ घेतो, समोरचा त्याला अडवतो आणि त्या अडवण्यातूनच पुढचे वाक्य निघते. गवळणीतली मावशी समोर बसलेल्या गावकऱ्याला बोलता बोलता खेळात ओढते. पुणे जिल्ह्यातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार उभा करत, तेव्हा त्यांनी बोलायचे सगळे आधी कोणी लिहून दिलेले नव्हते. पुढे शहरी लोकनाट्यानेही हे कसब उचलले. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता छापलेली आहे. पण दादा कोंडके त्यात त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले जे काही घुसडत, ते ऐकायला तेच लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत, ही आठवण सांगणारे प्रेक्षक पुण्यात आजही भेटतात.

उत्स्फूर्त म्हणजे शून्यातून आलेले, असा एक समज आहे. तो फडातल्या माणसाला हसू आणील. सोंगाड्या वर्षानुवर्षे ज्येष्ठ सोंगाड्याचे ऐकत वाढतो. त्याच्याजवळ कोट्यांचा, म्हणींचा, उखाण्यांचा, शिव्यांचासुद्धा साठा असतो. कुठल्या गावात काय चालते आणि पाटील समोर बसला असेल तर काय चालत नाही, याचे भान असते. त्या रात्री तो फक्त निवड करतो, पण ती निवड क्षणात करावी लागते. इटलीत सोळाव्या शतकापासून मुखवटे घालून खेळ करणाऱ्या ‘कोमेदिया देल आर्ते’च्या मंडळ्यांचे कसब याच जातीचे होते. पडद्यामागे कथानकाचा एक आराखडा टांगलेला आणि बाकी सारे नटाच्या जिभेवर.

मग मराठीत हे बोलणे नाटकातून कधी हद्दपार झाले? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पुण्यात सापडते. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. ते आरंभापासून शेवटपर्यंत लिहिलेले गद्य नाटक होते. पुढे इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी शेक्सपिअरची भाषांतरे आणि रूपांतरे रंगभूमीवर आणली. अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. त्या शब्दात थोडी चेष्टा होती आणि थोडा दराराही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले. तिथे पद म्हणणारा आणि बोलणारा नट एकच झाला, सूत्रधार नांदीनंतर निघून गेला आणि गद्यही लेखकाचे झाले. मराठी नाटकाला यातून जे मिळाले ते अमोल आहे. देवल, खाडिलकर, गडकरी यांच्यावाचून आपण आपल्या भाषेची कल्पनाही करू शकत नाही. पण या लाभाची किंमत कोणी मोजली, हेही लिहून ठेवायला हवे. नाटकाचा इतिहास त्यानंतर नाटककारांचा इतिहास झाला. ज्याची संहिता नाही, त्याचे नाव तळटीपेत गेले. ज्यांचा सारा वारसाच तोंडी होता, ते महार, मांग, कोल्हाटी समाजांतले कलावंत तर बहुतेकदा तळटीपेतही आले नाहीत. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या. त्यांच्या फडातल्या सोंगाड्याने त्या लावण्यांच्या मधे काय सांगितले, ते कोणाला सांगता येणार नाही.

हे सारे प्रश्न डोक्यात असताना काही वर्षांपूर्वी मी कामानिमित्त लंडनला गेलो होतो. दिवस ब्रिटिश लायब्ररीत जात. लॉर्ड चेंबरलेनकडे मंजुरीसाठी आलेल्या नाटकांचा प्रचंड संग्रह तिथे आहे. १८२४ पासूनच्या संहिता त्यात आहेत. कुठल्याही प्रकाशकाने छापल्या नसत्या अशा फार्सांच्या, नाताळच्या खेळांच्या, एका आठवड्यात बंद पडलेल्या नाटकांच्या त्या प्रती. ज्याने नाटकांवर पहारा ठेवला, त्याच्याच कपाटाने ती राखली. एका संध्याकाळी ओळखीच्या मराठी कुटुंबाने मला ‘इम्प्रोव्ह’ पाहायला नेले. पबच्या वरच्या मजल्यावर साठ-सत्तर खुर्च्या, रिकामी जागा, दोन स्टुले आणि कोपऱ्यात पेटी वाजवणारा असतो तसा एक कीबोर्डवाला. पाच नट आले. त्यांनी प्रेक्षकांना एक धंदा विचारला, एक जागा विचारली. कोणी ‘दाताचा डॉक्टर’ म्हणाले, कोणी ‘दीपगृह’. पुढची वीस मिनिटे समुद्राच्या मधोमध एक दंतवैद्य रोग्यांची वाट पाहत बसला. लाट आली की खुर्ची हलत होती आणि पाचही जण एकाच वेळी डुलत होते. एका नटीने चुकून दंतवैद्याला ‘कॅप्टन’ म्हटले. समोरच्याने ते क्षणात उचलले, आणि हा मनुष्य मुळात जहाज बुडवून पळालेला कप्तान आहे असे ठरले. सगळे सभागृह त्या बुडालेल्या जहाजाच्या मागे लागले.

माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी हसता हसता म्हणाल्या, “आपल्या बतावणीत हेच नाही का हो?” मी म्हणालो, “हेच. फक्त ढोलकी नाही.” पण फरक आहे आणि तो ढोलकीहून मोठा आहे. या नटांचा पहिला नियम असा, की सोबत्याने जे मांडले ते मान्य करायचे आणि त्यात भर घालायची. सोंगाड्या बरोबर उलटे करतो. तो प्रत्येक गोष्ट नाकारतो, वाकडी घेतो, सरदाराच्या आज्ञेचा शब्दशः अर्थ लावून तिचा विचका करतो. मान्य करण्याचे काम सरदाराकडे असते. एका पद्धतीत सगळे समान आहेत, तर दुसरीत वरचा-खालचा हा भेदच विनोदाचा कच्चा माल आहे. ज्या समाजात सरदाराला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नव्हते, तिथे निदान वगात ते म्हणता येत होते. आपल्या उत्स्फूर्त विनोदाचे मोल इथे आहे, आणि तो कागदावर आणा असे सांगणाऱ्याची अडचणही इथेच आहे.

लंडनलाही ती अडचण जुनी आहे. १९५८ मध्ये जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉपवर खटला झाला आणि दंड झाला. मंजूर संहितेत नसलेले, नटांनी तालमीत आणि प्रयोगात वाढवलेले बोलणे, त्यात एका नटाने केलेली चर्चिल यांची नक्कल, हा गुन्हा. पुढे रॉयल कोर्ट थिएटरमधले कीथ जॉनस्टन यांना उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग करायचे होते. पण जे अजून बोललेच गेलेले नाही, ते मंजुरीला पाठवायचे कसे? त्यांनी प्रेक्षकांसमोर ‘वर्ग’ घेतले. नाटक नव्हे, शिकवणी. लॉर्ड चेंबरलेनची ही सत्ता १९६८ मध्ये नव्या कायद्याने संपली. त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडले.

आपल्याकडे ही सत्ता संपलेली नव्हती. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी केला तो राजद्रोहाच्या धास्तीने. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली. त्या नाटकात कर्झनचे नाव कुठेही नाही, पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक कोण ते कळत होते. म्हणजे सरकारला जे खुपले ते कागदावर नव्हतेच, ते नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये होते. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि ती उठली तेव्हा वग तपासून घेण्याची अट मागे राहिली. लिहिता न येणाऱ्या कलावंताने आपला वग कोणाकडून तरी लिहून घ्यायचा आणि मंजूर करून आणायचा. पुढे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने सगळ्याच नाटकांच्या संहिता वाचायला घेतल्या. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी तेंडुलकर, कमलाकर सारंग आणि मंडळ हे एकाच कागदावर बोट ठेवून भांडू शकले, न्यायालयात जाऊ शकले. सोंगाड्याकडे बोट ठेवायला कागदच नव्हता. त्याला एकच वाट उरली. मंजुरीसाठी एक वग आणि रात्री खेळायला दुसरा. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा चर्चा मुख्यतः नाटककाराच्या स्वातंत्र्याची झाली. ज्याची संहिताच नसते त्या नटाचे काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आज पुण्यात कॅफेंमध्ये आणि छोट्या रंगमंचांवर तरुण मुले-मुली इम्प्रोव्हचे खेळ करतात. त्यांतली बरीच मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ बोलतात आणि आपले गुरू शिकागो किंवा लंडन इथे शोधतात. त्यात गैर काही नाही. भाव्यांनीही आपला नमुना सांगलीत आलेल्या कानडी भागवत मंडळींकडून घेतला होता. पण याच शहरात, आर्यभूषण थिएटरच्या तमाशात, हेच काम करणारी माणसे होऊन गेली, हे त्यांच्या कानावर घालणारे कोणी नाही. आणि त्या तमाशात उभे राहिलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांच्या नातवंडांना आजोबा काय बोलत हे सांगता येते, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

इतिहासकार आणि परिनिरीक्षक या दोघांनाही कागद हवा असतो. एकाला जपायला, दुसऱ्याला कापायला. उत्स्फूर्त रंगभूमीच्या बाबतीत दोघांचेही हात रिकामे राहतात. परिनिरीक्षकाचे राहिले तर चांगलेच. अभ्यासकाला मात्र दुसरी साधने शोधावी लागतील. फडमालकांच्या वह्या, जाहिरातींतले ‘आज नवीन बतावणी’ असले शब्द, आकाशवाणीच्या ध्वनिफिती, प्रेक्षकांच्या आठवणी, खटल्यांचे कागद. आणि ‘नाट्यकवितासंग्रह’ वाचताना एक सवय लावून घ्यावी लागेल. एक पद संपून दुसरे सुरू होण्याआधी जी कोरी ओळ येते, तिथे थांबायचे. त्या ओळीत कोणीतरी बराच वेळ बोलत होते आणि लोक ऐकत होते.