मशीनला हात कुणी लावायचा?



मी सूतगिरणीत फिटर आहे, रिंगफ्रेमच्या खात्यात. वय सव्वीस. आयटीआय झालेलं, त्यापुढचं सगळं शिक्षण रद्दीतल्या पुस्तकांवर. मी कविता करतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण या अंकात कविता नाही. इतिहास म्हटलं की आपण महाडचं तळं सांगतो, काळाराम सांगतो, पुणे करार सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण एक इतिहास मशीनचाही आहे. मशीनजवळ कोण उभा राहील, तेल कोण घालील, झाडू कोण मारील आणि तिचं ड्रॉइंग कोण काढील, याचा इतिहास. मेकॅनिकलच्या डिग्रीचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा तो मला पहिल्यांदा दिसला.

सुरुवात धोट्यापासून करतो. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये उभी राहिली आणि १८५६ मध्ये चालू झाली. पुढं खेड्यापाड्यातून आपली माणसं पोटामागं तिकडं गेली. गिरणीत घेतलं, पण कुठं? रिंगखात्यात. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साच्यावर, नाही. साच्यावर पगार जास्त होता, म्हणून तिथं बंदी. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून बाहेर काढायचं. एकच धोटा चार जणांच्या तोंडाला लागणार. त्यात महाराचं तोंड लागलं तर बाकीच्यांचा धर्म बुडतो! हजारो माणसांची भाकरी त्या एवढ्याशा भोकात अडकून पडली.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. अस्पृश्य कामगारांना विणकाम खातं मोकळं करा ही मागणी यादीत घाला, नाहीतर आमचे लोक संपात नाहीत. पुढाऱ्यांनी ती घातली, पण कुरकुरत. कामगार सारे एक, ही घोषणा त्यांच्याही तोंडात होती. त्याच तोंडानं ते धोटा ओढत होते.

आता मी फिटर म्हणून बोलतो. ही अडचण मुळात मशीनची होती. तोंड न लावता हातानं धागा ओवायचा धोटा बनवता येतो, आणि तो तेव्हा जगात बनतही होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं तोंडानं ओढायचा धोटा १९११ मध्येच कायद्यानं बंद केला. तिथं जातीचा प्रश्न नव्हता, रोगाचा होता. तोंडातून तोंडात रोग जातो, फुफ्फुसात कापसाची कसर जाते. लँकेशायरमध्ये बंदीला १९५२ उजाडलं. म्हणजे धोट्याचं भोक जरा वेगळं पाडलं असतं तर मुंबईतलं विटाळाचं ते कारणच उरलं नसतं. कुणी पाडलं नाही. ज्याला पाडता येत होतं त्याला गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याला मशीनच्या त्या बाजूला उभं राहू देत नव्हते. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इंजिनिअर कुणाच्या घरातून येतो यावर मशीनचं भोकसुद्धा ठरतं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता आपल्या बुलढाण्याकडं येतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तिथला कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव फाटा खास कापसासाठी टाकला आणि तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. मग जिन आले, प्रेस आले. माझा आजा अशाच एका प्रेसमध्ये गठाण वाहायचा. बाप जिनात सरकी उचलायचा. त्याला मी लहानपणी विचारलं, "बा, तुले मशीन चालवता येते का?" तो म्हणाला, "आयकून आयकून सारं येते. पण आपल्याले हात कोन लावू देते?" तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, कोणत्या जिनचा रोला खराब झाला. मिस्त्री मागून येऊन तेच सांगायचा. मजुरी मिस्त्रीला दुप्पट.

हे आमच्याच घरचं रडगाणं आहे असं समजू नका. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली. मनमाड आपल्याच लायनीवर आहे, मलकापूरहून गाडीत बसलं की थेट. तिथं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी गँगमनचं, हमालाचं सांगितलं, आणि रेल्वेच्या वर्कशॉपात आपला माणूस मेकॅनिक म्हणून क्वचितच घेतात हेही सांगितलं. ते वाक्य भिंतीवर कुणी लिहीत नाही.

पुढं व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी सरकारला निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी देशात वर्षाला 2 लाख आणि परदेशी शिक्षणासाठी 1 लाख रुपये मागितले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. नुसतं वकिलीचं आणि आर्टचं शिक्षण पुरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे म्हणतो! मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, ती या धडपडीतून. आज मोबाईलवर जो फॉर्म भरता, त्याचं मूळ तिथं आहे.

कॉलेजांचं थोडक्यात सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ चा, म्हणजे पहिल्या गिरणीच्याच वर्षाचा. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. विदर्भात नागपूरचं विश्वेश्वरय्या कॉलेज १९६० चं, अमरावतीचं सरकारी कॉलेज १९६४ चं. बुलढाणा जिल्ह्याला १९८३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ झालं आणि त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. दार गावाजवळ आलं, पण सोबत फी आली. (बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगडात लोणेऱ्याला आहे. आमचे काही मित्र ते लोणारला आहे समजून सरोवरापर्यंत जाऊन आले. हसू नका, त्यात मीही होतो.)

राखीव जागांचाही एक पेच होता. आयआयटीत अनुसूचित जातींना राखीव जागा १९७३ पासून. पण १९५६ ला धम्म घेतलेल्यांनी कागदावर 'बौद्ध' लिहिलं की केंद्राच्या यादीतून ते बाद. महाराष्ट्र सरकारनं १९६० पासून सवलती दिल्या, केंद्रानं द्यायला १९९० उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत ज्या पोरानं बापाची प्रतिज्ञा पाळली, त्याला पवईचं दार अर्धं बंद. ज्यानं जुनी जात लिहिली त्याला उघडं. कितीजण या कात्रीत सापडले असतील, त्यांनी कुणाला सांगितलं असेल?

मी सापडलो वेगळ्या कात्रीत. बारावी बाहेरून केली, सीईटी दिली, एका कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला. जातपडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजा दुसरीपर्यंत शिकलेला, १९४७ ला. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत गेलो तर दाखलखारीजचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. दोन महिने खेटे घातले. शेवटी एका कपाटामागं दुसरी वही सापडली. आजाच्या नावापुढं स्वच्छ अक्षरात 'महार' लिहिलेलं. ज्या शब्दाला माझ्या आजानं १९५६ ला रामराम केला, तोच शब्द मी तीन पिढ्यांनंतर टॉर्च मारून शोधत होतो, आणि सापडल्यावर मला आनंद झाला. हा आनंद कुठं ठेवायचा ते अजून कळत नाही. तोवर मुदत गेली होती. प्रवेश रद्द झाला.

कागद वाया गेला नाही. त्याच वहीवर माझ्या बहिणीची पडताळणी वेळेत झाली. ती आता मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोक म्हणतात, आता सगळी पोरं कॉम्प्युटरला जातात, मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहतात, तिथं काय ठेवलंय? साच्यावर पगार होता तेव्हा साचा आमच्यासाठी बंद होता, हे लक्षात ठेवून मी गप्प बसतो. तिच्या वर्गात मुली थोड्या. वर्कशॉपात फायलिंगचा जॉब घासून तिच्या तळहाताला फोड आले तेव्हा आईनं हळद लावली आणि बापाला म्हणाली, "पाय, पोरीचा हात तुह्यासारखा झाला."

मागच्या रविवारी ती 'थिअरी ऑफ मशीन्स' घेऊन बसली होती. कॅमचं प्रकरण. कागदावर वर चढणारी, खाली उतरणारी रेघ काढायची, तिला ती जमेना. मी पुस्तकातली आकृती पाहिली आणि ओळखलं, ही तर आमच्या रिंगफ्रेममधली बदामाच्या आकाराची कॅम! सात वर्षं मी तिला ग्रीस लावतो. तिच्यावर रिंगरेल चढताना हळूहळू चढते, उतरताना भरकन उतरते, म्हणून सूत बॉबिनवर नीट बसतं आणि सुटताना गुंतत नाही. मी हात वरखाली करून दाखवलं. तिनं रेघ काढली, चढाची लांब, उताराची आखूड. मग मला विचारलं, "दादा, चढायला किती सेकंद लागतात, मोजलं का कधी?"

मोजलं नव्हतं. सोमवारी दुसऱ्या पाळीला घड्याळ घेऊन गेलो.