गृहस्थाश्रम आणि तापीतीरीची मुक्ताई

अंगणात मांडव पडतो, हळद लागते, सप्तपदी होते आणि वधूवर गृहस्थाश्रमात पाऊल टाकतात. विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक होय. धर्म, अर्थ व काम या तिन्ही बाबतींत पत्नीला डावलणार नाही, असे वचन वर त्या वेळी देतो. मोक्षाचा उल्लेख या वचनात नाही. मग मोक्षासाठी घर सोडले तर चालेल काय? तेराव्या शतकातील एका घराला या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजावी लागली.

आपेगावचे विठ्ठलपंत कुलकर्णी यांचा विवाह आळंदीच्या रुक्मिणीबाईंशी झाला होता. वैराग्याच्या ओढीने ते काशीस गेले व त्यांनी संन्यास घेतला. परंपरा सांगते की, पुढे त्यांचे गुरू आळंदीस आले असता नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. खरी हकीकत समजताच गुरूंनी शिष्याला घरी परत पाठविले.

समाजाला मात्र हे परतणे मानवले नाही. संन्यासातून परतलेला तो आरूढपतित, असे म्हणून कुटुंब वाळीत टाकले गेले, मुलांच्या मुंजी नाकारल्या गेल्या. देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि मुलांसाठी त्या दांपत्याने तेही पत्करले. त्याच घरातून निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई ही चार रत्ने निपजली. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

यांपैकी धाकटी मुक्ताई खानदेशाची झाली. शके १२१९ (इ. स. १२९७) मध्ये ती तापीतीरी अंतर्धान पावली, असे मानतात. मेहूण व कोथळी येथे तिची मंदिरे आहेत. पूर्वीचे एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव तिच्या शिष्याचे नाव चालवते. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी पंढरीस पायी निघते, तेव्हा वाटेवरच्या घरांतून भाकरी थापल्या जातात. वारकऱ्याला घास देणारा हात गृहस्थाचाच असतो.

इतर तीनही आश्रम गृहस्थाच्या आधारे जगतात, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. देव, ऋषी, पितर, अतिथी व प्राणिमात्र यांचे पंचमहायज्ञ त्याच्याच माथी. आखाजीला पितरांसाठी घागर भरणारी, माहेरवाशिणीसाठी झोका बांधणारी घरे हाच वसा चालवीत असतात. मंदिराचा जीर्णोद्धारही अशाच घरांच्या पै-पैशातून होतो.

नव्या जोडप्याने देवापुढे माथा टेकताना विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंचे स्मरण ठेवावे. त्यांची देवाकडे जाणारी वाट घराच्या उंबरठ्यावरूनच गेली.