लहरींची वाटणी : जमिनीवर आणि आकाशात

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी नावाचे गाव आहे. तेथे १९७१ मध्ये उपग्रहामार्फत परदेशांशी दूरध्वनी-संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले. हिंदी महासागरावरील उपग्रहाकडे तोंड करून उभी असलेली त्याची अँटेना सुमारे ३० मीटर व्यासाची होती. आज तळहातावर मावणारे काही फोनही उपग्रहाशी बोलू शकतात. मग ती प्रचंड ताटली गेली कुठे? उत्तर सोपे आहे : ती आकाशात गेली. मात्र ताटली वर नेणे हा कथेचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग वारंवारतांच्या वाटणीचा आहे आणि तोच अधिक अवघड ठरला.

सुरुवात जमिनीवरून करू. १९४६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात मोटारींमध्ये दूरध्वनी बसवण्याची सेवा सुरू झाली. संपूर्ण शहरासाठी शक्तिशाली प्रक्षेपक होता. पण एका वेळी जेमतेम तीन संभाषणे होऊ शकत. कारण एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले, तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. यावर बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एक तोड सुचवली. एका मोठ्या मनोऱ्याऐवजी अनेक लहान मनोरे उभारावेत, शहराची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे पाडावीत आणि तीच वारंवारता पुरेशा दूरच्या घरात पुन्हा वापरावी.

याचा फायदा आकडेमोडीने पटतो. समजा, आपल्याजवळ ७० वाहिन्या आहेत. एकच मनोरा असेल तर एका वेळी ७० संभाषणे होतील. आता शहराची १०० घरे पाडू आणि शेजारच्या सात-सात घरांच्या गटात वाहिन्या वाटून देऊ. प्रत्येक घराला १० वाहिन्या मिळतील आणि शहरात १००० संभाषणे होतील. वाहिन्या तेवढ्याच, संभाषणे मात्र चौदा पटींहून अधिक! ही कल्पना व्यवहारात यायला मात्र तीन दशके लागली. टोकियोत १९७९ मध्ये आणि शिकागोत १९८३ मध्ये अशी सेवा सुरू झाली.

आता आकाशाकडे वळू. भूस्थिर उपग्रहांमार्फत संदेशवहनाची कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच मांडली होती. असा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. दोन किलोमीटरवरील मनोऱ्याच्या मानाने हे अंतर १८,००० पट झाले. व्यस्त वर्गाच्या नियमानुसार, त्याच फोनचा संदेश तेथे सुमारे ३२ कोटी पटींनी क्षीण होऊन पोहोचतो. म्हणून फोन लहान हवा असेल तर उपग्रहाची ताटली मोठी हवी. २००९ मध्ये सोडलेल्या टेरेस्टार-१ या उपग्रहाची उलगडणारी अँटेना १८ मीटर व्यासाची होती.

दुसरा मार्ग म्हणजे उपग्रहच खाली आणणे. इरिडियम योजनेत ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर फिरत ठेवले गेले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली. प्रत्येक उपग्रह ४८ शलाका जमिनीवर टाकी. येथे घर स्थिर नव्हते. माणूस जागीच उभा असला तरी शलाका त्याच्यावरून सरकून जाई आणि साधारण मिनिटाभरात त्याचे संभाषण पुढच्या शलाकेकडे सोपवावे लागे. तांत्रिकदृष्ट्या ही मोठीच कामगिरी होती. पण योजना कागदावरून आकाशात जाईपर्यंत शहरोशहरी मनोरे उभे राहिले होते. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नव्या मालकांनी पुढे ती सेवा चालू ठेवली.

येथे एक मूलभूत अडचण दिसते. ४०० किलोमीटर व्यासाची एक शलाका सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर झाकते. दोन किलोमीटर त्रिज्येची दहा हजार घरे तेवढ्या जागेत मावतात. म्हणजे उपग्रह सर्वत्र पोहोचतो, पण सर्वांना पुरत नाही. मनोरा पुष्कळांना पुरतो, पण सर्वत्र पोहोचत नाही.

मग दोघांना एकत्र का आणू नये? २००३ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने उपग्रहांच्या वारंवारता जमिनीवरील मनोऱ्यांनाही वापरण्याची मुभा दिली. अट अशी की उपग्रहसेवा मुख्य आणि मनोरे पूरक असावेत. उंच इमारतींच्या सावलीत उपग्रह दिसत नाही, तेथे मनोरा मदतीला येईल, हा हेतू. पण लवकरच पारडे फिरले. लाइटस्क्वेअर्ड कंपनीने सुमारे ४०,००० मनोऱ्यांची योजना आखली आणि जानेवारी २०११ मध्ये तिला केवळ जमिनीवर चालणारे फोनही विकण्याची सशर्त सवलत मिळाली. त्यांच्या शेजारच्याच वारंवारतांवर जीपीएसचे संदेश येतात. २०,००० किलोमीटरवरून येणारे ते क्षीण संदेश मनोऱ्यांच्या गलबल्यात बुडतात, असे चाचण्यांत आढळले. वैमानिकांपासून शेतीयंत्रे वापरणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत अनेकांनी हरकत घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये आयोगाने परवानगी काढून घेण्याचे ठरवले आणि मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली.

२०२२ मध्ये मोबाइलच्या जागतिक मानकांतच उपग्रहांना स्थान मिळाले. त्यात फोन जीपीएससारख्या प्रणालीने स्वतःची जागा ओळखतो. मग वेगाने जाणाऱ्या उपग्रहाचे अंतर आणि डॉप्लर परिणाम हिशेबात धरून संदेशाची वेळ व वारंवारता आधीच दुरुस्त करतो. दहा वर्षांपूर्वी ज्याच्याशी भांडण होते, त्याचाच आता आधार!

तंत्र सुधारले, तरी वाटणीचा प्रश्न उरतोच. लहरी मर्यादित आहेत आणि पैसा दाट वस्तीत आहे. जहाज, वाळवंट आणि डोंगरातल्या वाडीसाठी राखलेला हिस्सा शहराकडे ओढला जाण्याचा मोह कायम राहणार. वर्गात तालुक्याच्या नकाशावर षट्कोन काढून सात रंगांनी ते रंगवून घ्यावेत आणि ज्या गावांत मनोरा परवडणार नाही ती घरे कोरी ठेवावीत. मग मुलांना विचारावे : या कोऱ्या घरांसाठी एक रंग राखून ठेवायचा का, आणि त्यासाठी कोणाचा हिस्सा कमी करायचा? उत्तर देताना मुले थोडी भांडतील. शास्त्रज्ञ आणि आयोगही हेच करत आले आहेत.